शुद्ध संवेदना आणि यंत्राचा नाद

अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेत १९६९ च्या उत्तरार्धात अमेरिकेहून एक यंत्र येऊन पोहोचले. उभ्या चौकटीत बसविलेल्या पट्ट्या, त्यांवर फिरवावयाच्या खुंट्या, आणि एका छिद्रातून काढून दुसऱ्यात खुपसावयाच्या तारांचे जंजाळ असे त्याचे रूप होते. रॉबर्ट मूग या अभियंत्याने १९६४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या सिंथेसायझरचा हा एक नमुना. तो उभा करून देण्यासाठी पियानोवादक आणि रचनाकार डेव्हिड ट्यूडर स्वतः आला होता. संस्थेशी या ना त्या नात्याने संबंध असलेल्या गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी पुढील तीनएक वर्षांत त्या यंत्राच्या साहाय्याने रचना केल्या. मग तो उद्योग थांबला. ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या उजेडात आणल्या आणि १९६९ ते १९७२ या काळातील निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

फिती बंद होत्या तोवर त्यांविषयी लिहिले जाणे शक्यच नव्हते. तो दोष समीक्षेचा म्हणता येणार नाही. परंतु मराठी समीक्षेची या प्रकरणातील थकबाकी थोडी निराळी आहे. विजेने निर्माण केलेला, कोणत्याही तारेवर वा कातड्यावर आघात न करता उत्पन्न होणारा, कंठाशी आणि शब्दाशी नाते नसलेला नाद जर कोणत्या सौंदर्यविचाराच्या दारात येऊन उभा राहावयास हवा होता, तर तो बा. सी. मर्ढेकरांच्या. शुद्ध संवेदनांच्या रचनेत सौंदर्य शोधणाऱ्या या विचारवंताच्या सिद्धान्ताला याहून नेमकी कसोटी मिळाली नसती. ही कसोटी मराठीत लागली नाही. मर्ढेकरांवर जो वाद झाला तो जवळजवळ सर्वस्वी साहित्याच्या अंगणात झाला. संगीत त्या वादात उदाहरणापुरते येत राहिले, आणि उदाहरणाला कोणी उलटतपासणी करीत नाही.

मर्ढेकरांची भूमिका परिचित आहे. तिची आठवण प्रस्तुत विषयापुरती करणे पुरे. कलाकृती म्हणजे संवेदनांची एक संघटना, आणि ती संघटना ज्या लयतत्त्वांनी सिद्ध होते ती संवाद, विरोध आणि समतोल ही होत. संगीताचे माध्यम नाद, चित्राचे रंग आणि रेषा. या कलांत माध्यम स्वतःपलीकडे काही सांगत नाही. षड्ज आणि पंचम यांचे नाते हे षड्ज आणि पंचम यांचेच नाते असते. साहित्यात मात्र शब्द अर्थ घेऊन येतो, म्हणून तेथे मर्ढेकरांना भावनात्मक समतानतेची वेगळी कल्पना मांडावी लागली. ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. साहित्य अकादमीचा १९५६ चा पुरस्कार त्याला मिळाला तो मर्ढेकरांच्या पश्चात. २० मार्च १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले होते. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३० मे १९५६ रोजी, जर्मनीतील कोलोन येथील नभोवाणीच्या सभागृहात कार्लहाइन्त्स श्टॉकहाउझेन याच्या ‘गेझांग डेर युंगलिंगे’ या रचनेचा पहिला प्रयोग झाला. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात त्या प्रयोगाला मैलाच्या दगडाचे स्थान आहे. सिद्धान्तकार गेला आणि त्याच्या सिद्धान्ताने मागितलेली कला अवतरली, असा हा योग. योगायोगाला अधिक अर्थ देऊ नये. पण मर्ढेकर स्वतः आकाशवाणीच्या सेवेत होते, श्रुतिका आणि संगीतिका लिहीत होते, आणि ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहाने यंत्रयुगातील शहर मराठी कवितेत आणले होते, एवढे ध्यानात घेतले तर त्यांचे कान या नादाला अनोळखी राहिले नसते असे म्हणावयास हरकत नाही.

मर्ढेकरांना उदाहरणादाखल उपलब्ध असलेले संगीत मात्र शुद्ध संवेदनेचे कधीच नव्हते. ख्यालाच्या बंदिशीत शब्द असतो. तो कितीही झिजलेला असला तरी असतो. वाद्यसंगीतात शब्द नसला तरी बोटांचा वेग, गजाचा दाब, श्वासाची मर्यादा ही सारी स्वराबरोबर ऐकू येतात. शहनाईचा दीर्घ स्वर ऐकताना ऐकणाऱ्याचीही छाती नकळत आवळते. म्हणजे संगीतातील संवेदना ‘शुद्ध’ आहे हे म्हणणे एका कल्पित गाळणीतून जाऊन म्हणावे लागत होते. इलेक्ट्रॉनिक संगीताने ती गाळणी प्रत्यक्षात आणली. येथे विद्युत्प्रवाहाचे आंदोलन हाच स्वर; त्याची उंची, जाडी, पोत आणि आयुष्य यांपैकी प्रत्येक गुण विद्युत्दाबाने स्वतंत्रपणे ठरविता येतो. थकणारे बोट नाही, संपणारा श्वास नाही, उच्चारावयाचे अक्षर नाही. तेव्हा मर्ढेकरांचा सिद्धान्त बरोबर असेल तर अशा संगीताच्या सभागृहात बसलेल्या श्रोत्याला कलानुभव इतर कोणत्याही मैफलीपेक्षा अधिक निर्भेळ स्वरूपात मिळावयास हवा. तेथे काय घडते ते पाहिले पाहिजे.

या संगीताची सभागृहातील पहिली महत्त्वाची नोंद पॅरिसची आहे. पिएर शेफर हा फ्रेंच नभोवाणीतील अभियंता. आगगाडी, पत्र्याची भांडी, मानवी उच्छ्वास अशा मुद्रित ध्वनींची कापाकापी करून केलेल्या त्याच्या रचना १९४८ मध्ये नभोवाणीवरून ऐकविल्या गेल्या. १८ मार्च १९५० रोजी पिएर आंरी याच्या सहकार्याने केलेली ‘सिंफनी पूर अं नोम सल’, म्हणजे एकाकी माणसासाठी सिंफनी, ही रचना प्रत्यक्ष सभागृहात सादर झाली. घरी नभोवाणी ऐकणाऱ्या माणसाला अदृश्य आवाजाची सवय असते. आवाज पेटीतून येतो आणि गाणारा कोठे तरी आहे असे तो गृहीत धरतो. सभागृहात येणारा श्रोता तिकीट काढून, ठरलेल्या आसनावर, एका दिशेला तोंड करून बसलेला असतो. त्याच्या दृष्टीसमोर व्यासपीठ आहे, आणि व्यासपीठावर ध्वनिवर्धक आहेत. पाहावयाचे कुठे?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण खुद्द शेफरच्या गोटालाच तो क्षुल्लक वाटला नाही, याचा पुरावा उपलब्ध आहे. १९५१ मध्ये त्याच्या सहकाऱ्यांनी एक उपकरण सिद्ध केले. व्यासपीठावर मोठाली तारेची वेटोळी उभी करावयाची. मध्यभागी उभ्या राहिलेल्या माणसाने हातातील लहान वेटोळे त्यांच्या जवळ-दूर न्यावयाचे. त्यानुसार ध्वनी सभागृहात पुढे, मागे, वर असा फिरावयाचा. ध्वनी तर आधीच फितीवर कायमचा ठरून गेलेला होता. तो फिरविण्याचे काम पडद्याआडच्या दोन-चार खुंट्यांनीही झाले असते. तरीही माणूस उभा केला, तोही सर्वांना दिसेल असा, हवेत हात हलविणारा. ज्या संगीताने हात हद्दपार केला होता त्या संगीताच्या मंचावर दुसऱ्याच वर्षी हात परत आला. पुढे याच शेफरने पायथागोरसची आख्यायिका उकरून काढली: गुरू पडद्याआडून बोलत असे आणि शिष्य केवळ ऐकत असत, म्हणून त्या शिष्यांना ‘अकुस्मातिकोई’ म्हणत. ध्वनीचे कारण न पाहता ध्वनी ऐकणे ही साधना होय, असे त्याचे म्हणणे. साधना या शब्दातच सारे आले. जे स्वाभाविक असते त्याची साधना करावी लागत नाही.

मराठी श्रोत्याच्या बाबतीत हा पेच अधिक तीव्र व्हावा हे उघड आहे. ज्याचे कान मैफलीत तयार झाले त्याला ऐकणे ही एकट्याने करावयाची गोष्ट म्हणून ठाऊकच नसते. गवई एखादी जागा घेण्यासाठी हात उंचावतो, तबलजीची मान किंचित वळते, पुढच्या रांगेतील जाणकार अर्धवट ‘वा’ उच्चारून थांबतो, कारण सम अजून यावयाची आहे. मग सम येते आणि साऱ्या खोलीचा श्वास एकदम सुटतो. दाद ही मैफलीनंतरची पावती नसून मैफलीच्या घडणीतील एक द्रव्य आहे. अशोक दा. रानडे यांनी संगीताचा विचार ‘प्रयोगकला’ म्हणून करावा असा आग्रह आयुष्यभर धरला तो याच अर्थाने. लिहून ठेवलेला राग आणि गायिला गेलेला राग या दोन वस्तू आहेत, आणि दुसरीत श्रोता सामील असतो. आता हाच श्रोता इलेक्ट्रॉनिक संगीताच्या सभागृहात आणून बसविला तर काय होईल याची कल्पना करणे कठीण नाही. एक खोल गुंजन सुरू होते. ते वाढते, त्यात कण पडतात, एक शीळ वरून सरकत खाली येते. आवर्तन नाही, म्हणून समेची वाट पाहता येत नाही. कोणी चुकू शकत नाही, म्हणून कोणी सावरल्याचा आनंदही नाही. मध्येच शांतता होते आणि ती शेवट आहे की विराम हे कळत नाही. दोन-तीन टाळ्या पडतात, संकोचून थांबतात. ही फजिती अडाणीपणाची खूण नव्हे. दाद द्यावयाची तर ती कोणाला, हे न कळल्याची ती खूण आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. हे सारे सवयीचे प्रश्न असून सवयी बदलतात. हार्मोनियमचे उदाहरण समोर आहे. परदेशी पेटी, ठोकून बसविलेले स्वर, श्रुतींना वाव नाही, मींड नाही, या कारणांसाठी १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी केली. मर्ढेकर ज्या खात्यात नोकरी करीत होते त्याच खात्याचा हा निर्णय. बंदी १९७१ मध्ये शिथिल होऊ लागली. त्या तीन दशकांत मराठी रंगभूमी आणि मराठी मैफल पेटीवाचून अडून राहिली नाही. ती पेटीसहच चालत होती. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्या ठोकळेबाज स्वरांतून काय काढले हे ऐकणाऱ्यांनी ऐकले होते. तेव्हा पेटीच्या बाबतीत जे झाले ते सिंथेसायझरच्या बाबतीतही होईल.

पण पेटीचे उदाहरण जरा उलगडून पाहिले तर ते उलट दिशेला नेते. पेटीला मींड नव्हती. मूगच्या यंत्राला मींड विनासायास येते. षड्जापासून तार षड्जापर्यंत स्वर असा काही सरकत नेता येतो, की त्यात कोठे सांधा सापडू नये. आकाशवाणीच्या आक्षेपांचे शास्त्र पाहिले तर हे यंत्र पेटीहून कितीतरी अधिक ‘भारतीय’ ठरावे. प्रत्यक्षात अशी सरकती मींड ऐकताना कानाला काहीतरी कमी वाटते, आणि ते काय हे शोधू गेल्यास ध्यानात येते की कमी आहे तो भार. बीनकार तार ओढतो तेव्हा तार त्याला विरोध करीत असते. मींड म्हणजे त्या विरोधावर मिळविलेला ताबा. गोविंदरावांच्या हाताखालच्या पेटीत मींड नव्हती, पण मींड नसल्याशी चाललेला झगडा होता, आणि श्रोत्याने दाद दिली ती त्या झगड्याला. विरोधलयीचा सिद्धान्त मांडणाऱ्या मर्ढेकरांना स्वरास्वरांमधला विरोध दिसला. स्वर आणि तो काढणारा यांच्यातला विरोध त्यांच्या व्यवस्थेत बसत नव्हता.

विजेच्या नादाला मराठी वा भारतीय श्रोता मुळातच नाखूश आहे असेही नाही. त्याने हा नाद केव्हाच घरात घेतला आहे. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी सिद्ध केली आणि पाठोपाठ इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला. आज गावोगावच्या शिकवण्यांत आणि मोठ्या गवयांच्या रियाजात तो वाजतो. त्याविषयी कुरकुर आहे, पण ती नादाच्या गोडीविषयी. ‘हे कोण वाजविते आहे’ असे कोणी विचारीत नाही. का विचारीत नाही? तो नाद ऐकण्यासाठी नसतो, त्याच्यावर उभे राहून दुसरे काही ऐकावयाचे असते. दुसरे टोक रस्त्यावर सापडते. छत्तीसगड आणि विदर्भात धुमाल या नावाने ओळखला जाणारा वाद्यमेळ मिरवणुकांतून फिरतो: ढोल, बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि वाहनावर रचलेले ध्वनिवर्धक. रायपूरच्या गुढियारीसारख्या वस्तीत, जेथे प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी कोणी सभागृह बांधलेले नाही, तेथील माणूस विजेने घडविलेल्या आणि विजेने फुगविलेल्या नादाला पिढीभर सरावलेला आहे. रायपूरहून काही तासांच्या वाटेवर खैरागढ आहे. तेथील १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरुपद श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी भूषविले. भातखंड्यांच्या या पट्टशिष्याने धुमालला संगीत म्हटले असते की नाही हा प्रश्न राहू द्या. पण धुमालच्या गर्दीला विजेचा नाद परका वाटत नाही याचे कारण स्वच्छ आहे. ऑक्टोपॅडवर काठी पडताना दिसते. काठी पडली आणि ध्वनी झाला. त्या काठीने रबराच्या तुकड्याला स्पर्श केला आणि ध्वनी मात्र साठवणीतून आला, याच्याशी नाचणाऱ्याला कर्तव्य नाही. रानडे यांनी केलेल्या वर्गवारीतील जनसंगीताच्या कोटीत हे सहज बसेल. सभागृहातील इलेक्ट्रॉनिक रचना हेतूने कलासंगीतात आणि साधनाने जनसंगीतात, अशी दोन घरांची पाहुणी राहते.

म्हणजे नाद विजेचा असणे ही अडचण नाही. पार्श्वभूमीला असला तर तो चालतो. हाताने उठविलेला दिसला तर तो नाचवतो. अडचण येते ती श्रोत्याने सर्व व्यवधान एकवटून केवळ नादच ऐकावा अशी मागणी सभागृह करते तेव्हा. आणि ही मागणी म्हणजे अक्षरशः मर्ढेकरांची मागणी आहे. त्या क्षणी श्रोत्याच्या मनात उठणारा पहिला प्रश्न संवादलयीचा नसतो. तो कर्त्याचा असतो.

येथे एक मोह टाळावयास हवा. आपल्या परंपरेत आहत आणि अनाहत हे नादाचे दोन भेद सांगितले आहेत. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त त्यांचे विवेचन केले, योगमार्गाच्या द्वारे अनाहत शब्द ज्ञानेश्वरांपासून मराठी कवितेत रूढ झाला. आघाताशिवाय उत्पन्न होणारा तो अनाहत, आणि मूगच्या यंत्रातला स्वर आघाताशिवाय उत्पन्न होतो. तेव्हा हाच तो अनाहत नाद, अशी एक टाळीची जागा येथे तयार आहे. ती घेणारे भेटतातही. पण शब्दाशी खेळताना वस्तूकडे पाहणे सुटते. यंत्रातील विद्युत्प्रवाह नाद नव्हे. तो ध्वनिवर्धकाच्या पडद्याला ढकलतो, पडदा हवेला ढकलतो, तेव्हा नाद होतो. म्हणजे आघात आहेच, तो फक्त माणसाच्या हातून सुटून पडद्याकडे गेला आहे. शार्ङ्गदेवाने अनाहताला रंजनाच्या व्यवहारातून बाजूला ठेवले आणि आपला प्रचंड ग्रंथ आहतावर लिहिला. त्या निवडीतला शहाणपणा आजही उपयोगी आहे.

अहमदाबादच्या त्या मंडळींत हा सारा पेच जिच्या एका आयुष्यात सामावला अशी व्यक्ती गीता साराभाई. विक्रम साराभाई यांची ही बहीण पखवाज वाजवीत असे. स्त्रीने पखवाज वाजविणे हेच त्या काळी नवल होते. तिचे गुरू गोविंदराव बऱ्हाणपूरकर, नाना पानसे यांच्या परंपरेतले. बऱ्हाणपूर हे आज मध्य प्रदेशात असले तरी मराठीच्या अंगणातले गाव, आणि मर्ढेकरांचे जन्मगाव फैजपूर तेथून फार दूर नाही. पखवाजाच्या डाव्या मुखावर वादनापूर्वी ओली कणीक थापावी लागते. ती सुकत जाते तसतसा नाद बदलतो, वादकाला ती चाचपून पाहावी लागते. असे वाद्य शिकलेली स्त्री १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेली आणि तेथे जॉन केज या रचनाकाराशी तिची विद्येची देवघेव झाली: त्याने पाश्चात्त्य प्रतिस्वररचना शिकवावी, तिने भारतीय संगीताचे विचारधन सांगावे. केजने पुढे अनेकदा नमूद केले आहे की संगीताचे प्रयोजन काय या त्याच्या प्रश्नाला तिने आपल्या गुरूचे मत सांगितले: मन शांत आणि निर्मळ करून ते दैवी प्रभावाला ग्रहणशील करणे. केजला त्या उत्तराने जन्मभर पुरेल इतके काही दिले. मराठी वाचकाला त्यात विशेष नवे वाटणार नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याचा अर्थ त्याच्या ध्यानात यावयाचा राहून जातो. या उत्तरात नादाच्या रचनेविषयी एक अक्षर नाही. सारे काही ऐकणाऱ्याच्या मनाविषयी आहे. मर्ढेकर ज्या टोकाला उभे होते त्याच्या नेमके समोरचे हे टोक.

केजने ते टोक किती ताणले हे सर्वश्रुत आहे. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथील सभागृहात एक पियानोवादक पियानोसमोर बसला, त्याने झाकण मिटले, आणि तीन भागांची चार मिनिटे तेहतीस सेकंदांची रचना एकही स्वर न वाजविता पूर्ण केली. श्रोत्यांनी जे ऐकले ते वारा, पाऊस आणि एकमेकांची चुळबूळ. तो वादक म्हणजे डेव्हिड ट्यूडर. सतरा वर्षांनी अहमदाबादला मूगच्या तारा जोडून देणारा. या प्रयोगाची चर्चा नेहमी शांततेच्या अंगाने होते. एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. भाग संपला की ट्यूडर झाकण उघडी आणि पुढचा सुरू होताना मिटी. स्वर नाही, माध्यम नाही, संवेदनांची संघटना नाही. तरीही ती ‘रचना’ राहिली, कारण झाकणावर एक हात होता आणि तो सर्वांना दिसत होता. मर्ढेकरांच्या सिद्धान्ताने येथे कला उरतच नाही. शेफरच्या सभागृहात संवेदना भरपूर होती आणि हात शोधावा लागला. केजच्या सभागृहात संवेदना शून्य होती आणि हाताने सारे तोलून धरले.

हे पाहिल्यावर अहमदाबादच्या फिती ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष जाते. त्यांतील एका रचनेचे इंग्रजी नाव ‘मी एकदा तानपुरा वाजविला होता’ अशा अर्थाचे आहे. दुसऱ्या एकीचे नाव ‘माझे पक्षी’. जोशीपुरा यांच्या रचनेचे नाव अंतराळयानावरून घेतलेले. संवेदनेची शुद्धता हे या मंडळींचे ध्येय असते तर रचनांना क्रमांक पुरले असते. तानपुऱ्याच्या नावात तर एक सबंध कबुली आहे: आता वाजवीत नाही, पण ते बोट कोणाचे होते ते विसरू नका. नाव हा शब्द आहे, शब्दाबरोबर अर्थ येतो, आणि अर्थाबरोबर तो माणूस येतो ज्याला मर्ढेकर दाराबाहेर उभे करू पाहत होते.

याचा अर्थ मर्ढेकरांची लयतत्त्वे टाकाऊ ठरली असा करणे घाईचे होईल. उलट ‘गेझांग डेर युंगलिंगे’सारखी रचना ऐकताना त्यांच्याइतकी उपयोगी परिभाषा मराठीत दुसरी नाही. त्या रचनेत बारा वर्षांच्या एका मुलाचा मुद्रित कंठ आणि यंत्राचे शुद्ध स्वर यांची वीण आहे. बायबलमधील दानिएलच्या ग्रंथातील धगधगत्या भट्टीतल्या तरुणांचे स्तवन हा त्या कंठाचा आधार. कंठाचे तुकडे पाडून, थर चढवून, यंत्रस्वरांत मिसळून श्टॉकहाउझेनने अशी श्रेणी उभी केली आहे, की एका टोकाला निव्वळ ध्वनी आहे, दुसऱ्या टोकाला कळणारा शब्द, आणि दोहोंमध्ये असंख्य पायऱ्या. संवाद, विरोध, समतोल ही तिन्ही तत्त्वे येथे कानाने मोजावीत इतकी स्पष्ट आहेत. परंतु रचनेतील उत्कट क्षण कोणते? ध्वनीच्या धुक्यातून एखादा शब्द एकाएकी कळतो ते. त्या क्षणी सभागृहातील श्रोत्याला एकदम एक मूल भेटते. ध्वनिवर्धकाच्या पेटीमागे कोणी नाही हे ठाऊक असूनही भेटते. हा अनुभव संवेदनेचा की अर्थाचा, असा प्रश्न मर्ढेकरांच्या पद्धतीने विचारला तर दोन्ही उत्तरे चुकतात; अनुभव एकातून दुसऱ्यात जाण्याचा आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलाव्यवहार लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमधला म्हणून पाहिला. त्यांचा विचार मर्ढेकरांना उत्तर म्हणून वाचला जातो. तो या संगीताचे वर्णन म्हणून वाचला तर अधिक जिवंत वाटतो, कारण येथे ते दोन ध्रुव एकाच फितीवर, काही सेकंदांच्या अंतराने ऐकू येतात.

श्टॉकहाउझेन पुढे आपल्या फितीच्या रचना ऐकविताना सभागृहात अंधार करवी, म्हणजे श्रोत्याने व्यासपीठाकडे पाहत बसू नये. अंधाराने प्रश्न सुटत नाही, तो झाकला जातो. पण रिकाम्या मंचाकडे दीड तास पाहण्यापेक्षा अंधार बरा, हे त्याला कळले होते. आजच्या सभागृहांत पुष्कळदा उलटा उपाय योजलेला दिसतो: मंचावर एक मेज, मेजावर संगणक, त्याच्या प्रकाशात उजळलेला एक वाकलेला चेहरा. तो काय करतो आहे ते श्रोत्याला दिसत नाही. हात हलतो एवढे दिसते, आणि तेवढ्याने पुष्कळांचे समाधान होते.

अहमदाबादच्या रचना आता कोणालाही मिळतात, आणि बहुतेक जण त्या कानाला यंत्र लावून एकट्याने ऐकतील. तेथे मंच नाही, शेजारी नाही, दाद द्यावयाची सोय नाही. शेफरने सांगितलेली साधना तेथे आपोआप होते. फितींवर यंत्राचा नाद आहे. तो प्रथम ज्या खोलीत घुमला त्या खोलीत कोण बसले होते, पखवाजावर वाढलेल्या कानांनी यंत्राची पहिली सरकती मींड ऐकली तेव्हा कोणाची मान हलली आणि कोठे, हे फितींवर नाही.